वहीतली मराठी मतं

2022 च्या जूनमध्ये आमच्या वार्डातल्या एका काकूंनी पार्षद व्हायचं मनावर घेतलं. (इकडे आपण सगळे पार्षदच म्हणतो. माझ्या पुण्याच्या आतेबहिणीला ‘नगरसेवक’ म्हटल्याशिवाय कळत नाही.) काकूंचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. बावीस वर्षं त्या या कॉलनीत राहतात. पाण्याच्या टँकरसाठी भांडल्यात, कोविडमध्ये दोन महिने घराघरांत डबे पोचवलेत, आणि कोणाच्या घरी म्हातारं माणूस एकटं आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. वार्ड महिलांसाठी सुटला म्हणताच त्या बायोडेटा घेऊन एका पक्षाच्या कार्यालयात गेल्या. मी सोबत होते, कारण स्कूटी मला चालवता येते.

तिथल्या भैयाजींनी चहा पाजला, ‘दीदी’ म्हटलं, बायोडेटा न उघडताच फायलीखाली सरकवला आणि दोन प्रश्न विचारले. “आपके वार्ड में मराठी वोट कितने हैं?” आणि “आप जिताऊ हैं क्या?”

या ‘जिताऊ’ला मराठीत नेमका शब्द नाही. आपण ‘निवडून येण्यासारखा उमेदवार’ म्हणतो, पण त्यात ती बाजारातली खणखणीत नाण्याची छटा येत नाही. उलट ‘महापौर’ हा आज सगळी हिंदी पट्टी वापरते तो शब्द मात्र मराठीतून गेलेला, सावरकरांनी घडवलेला. भैयाजींना सांगावंसं वाटलं होतं. पण तिकीट मागायला गेलेल्यांनी व्युत्पत्ती सांगू नये.

काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “चल, मोजू या.”

भोपाळमध्ये 85 वार्ड. एका वार्डात सरासरी वीसेक हजार मतदार. त्यात मराठी किती, हे मतदारयादीत कुठेच लिहिलेलं नसतं. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, घर नंबर. भाषेचा रकाना नाही. मग उरलं आडनाव. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, काकू, मी आणि दोनशे पानी वही, असे आम्ही तीन रात्री त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसलो.

पहिल्या रात्री भराभर काम झालं. कुलकर्णी, देशपांडे, गोखले, खरे. काका टिचकी मारत होते, मी लिहीत होते. दुसऱ्या रात्री गाडी अडली. जोशी आले. जोशी कुमाऊँचे असतात, गुजरातचे असतात, राजस्थानचे असतात. पंत आले, तेही कुमाऊँचे निघू शकतात. पवार आले, आणि काका म्हणाले, लिही. काकू म्हणाल्या, थांबा, ते बैतूलचे आहेत, घरात पवारी बोलतात, पण मुलगी मराठी वर्गाला येते. अर्धं मत लिहायचं का? पटेल तर मध्यप्रदेशात कोणीही असू शकतो. राव म्हणजे भेलमधले तेलुगू. चौहान की चव्हाण, हे यादी लिहिणाऱ्या बाबूच्या मर्जीवर.

मग पानावर गजभिये, मेश्राम, रामटेके दिसले. नागपूर-भंडाऱ्याकडची घरं, आमच्यापेक्षा चांगली मराठी बोलणारी. काकांचं बोट त्यांच्यावरून सहज पुढे सरकलं. त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. आपल्या गणपतीच्या वर्गणीच्या यादीत ती नावं नव्हती म्हणून त्यांच्या डोळ्यांना ती सवयीची नव्हती, एवढंच. मी पेन घेऊन थांबले. काकू म्हणाल्या, “अहो, ही सोळा मतं आहेत.” काकांनी चष्मा पुसला आणि मागे वळून पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या रात्री आकडा जवळजवळ दीडपट झाला होता.

आता खरं सांगायचं ते पुढेच आहे. वही बंद करताना मी माझं घर शोधलं. नव्हतं. माझं माहेर पिपलानीचं, बाबा अमरावतीकडून 1963 मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये आले, मी मराठीत भांडते आणि मराठीत स्वप्नं पाहते. पण लग्नानंतर मी श्रीवास्तव झाले. यादीतली ती ओळ मीच वाचली असणार आणि मीच पुढे गेले असणार. काका हसले, “अगं, तुझं तर राहिलंच!” मी पण हसले. घरी येऊन झोप लागली नाही.

याच दिवसांत महापौरपदाचाही गोंधळ चालू होता. मध्यप्रदेशात 1999 पासून महापौर थेट जनता निवडते. मुंबईसारखं नगरसेवकांनी निवडायचं असं नाही. कमलनाथ सरकारने 2019 मध्ये ही थेट निवडणूक बंद केली, पुढच्या सरकारने 2022 मध्ये महापौरांपुरती ती परत आणली. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने आधी ओबीसी आरक्षणाविना निवडणुका घ्या म्हटलं, आठवड्याभरात आरक्षणासह घ्यायला परवानगी दिली. भोपाळचं महापौरपद ओबीसी महिलेसाठी राखीव होतं.

आपल्याकडे एका रविवारच्या बैठकीत कोणीतरी सहज म्हणालं, “राखीव आहे, म्हणजे यंदा आपल्यातलं कोणी उभं राहण्याचा प्रश्नच नाही.” चार-पाच माना हलल्या. मागच्या रांगेतून सौसरकडच्या एक वहिनी शांतपणे म्हणाल्या, “आम्ही कुणबी आहोत की. आम्ही आपल्यातले नाही का?” त्या वेळी पंख्याचा आवाज ऐकू येत होता. अध्यक्षांनी चहा मागवला. त्या वहिनींना महापौर व्हायचं नव्हतं, कोणी त्यांना विचारतही नव्हतं. पण सौसर-पांढुर्ण्याकडची, बुऱ्हाणपूरची, बैतूल-मुलताईची मराठी माणसं या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आपण नागपूर-ग्वाल्हेर-इंदूरहून नोकऱ्यांसाठी भोपाळला आलो त्याच्या कितीतरी आधीपासून. ‘आपल्यातलं’ म्हणताना आपण किती लहान वर्तुळ काढतो, हे मला वहीने आधीच दाखवलं होतं. वहिनींनी ते सगळ्यांसमोर म्हटलं.

त्या आठवड्यात बाबांशी वाद झाला. बाबा ऐंशी वर्षांचे, मतदान कधी चुकवलेलं नाही. त्यांचं म्हणणं, मराठी माणसाला भोपाळमध्ये कोणी महापौर करणार नाही, थेट निवडणुकीतून आजवर झालेत त्यांत एक तरी आहे का? नाही हे खरंच. विभा पटेल, सुनील सूद, कृष्णा गौर, आलोक शर्मा, तोवर चारच झाले होते. मी म्हटलं, इंदूरला कृष्णमुरारी मोघे थेट निवडणुकीतूनच महापौर झाले. ग्वाल्हेरला विवेक शेजवलकर दोनदा झाले, त्यांचे वडील नारायणराव शेजवलकरही महापौर होते. आणि सुमित्राताई महाजन? चिपळूणला जन्मलेली मुलगी इंदूरची सून झाली, 1984 मध्ये उपमहापौर झाली, 1989 मध्ये प्रकाशचंद्र सेठींसारख्या माजी मुख्यमंत्र्याला हरवून लोकसभेत गेली आणि पुढे सलग आठ वेळा निवडून आली.

बाबा म्हणाले, “इंदूर-ग्वाल्हेर होळकर-शिंद्यांचं. तिथे मराठी माणूस घरचा. भोपाळ नवाबांचं, इथे आपण कामाला आलेली माणसं.”

मुद्दा खोटा नाही. पण ताईंना इंदूरच्या मराठी मतांनीच आठ वेळा निवडून दिलं असं कोणी म्हणेल तर तो इंदूरला कधी गेलेला नाही. बाकीच्या इंदूरने त्यांना ‘ताई’ म्हटलं, आपल्याच आत्या-मावशीला हाक मारावी तसं. हा शब्दच त्यांची खरी मतपेढी होता. आणि मी बाबांना त्यांच्याच आमदाराची आठवण दिली. बाबूलाल गौर उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढ जिल्ह्यातले, भोपाळला कापड गिरणीत मजुरी करत होते. जन्माने यादव, ‘गौर’ हे शाळेतल्या मास्तरांनी दिलेलं नाव. दहा वेळा आमदार, त्यातले आठ वेळा आमच्या गोविंदपुऱ्यातून, आणि मुख्यमंत्रीही झाले. तेही कामाला आलेलेच होते. गोविंदपुऱ्यात मल्याळी, बंगाली, तेलुगू, मराठी, सगळे भेलचे. तिथे कोणाची जात मोजून आठ वेळा जिंकता येत नाही. बाबा म्हणाले, “ते घरी यायचे. माझ्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा आले होते.” आणि मग जरा वेळ गप्प बसले.

काकूंना तिकीट मिळालं नाही. वहीतला आकडा भैयाजींना फोनवर सांगितला तेव्हा ते म्हणाले, “बस इतने?” अपक्ष उभं राहायची त्यांची तयारी होती, पण काकांनी खर्चाचा हिशेब मांडला आणि घरच्यांनी हात टेकले. ज्यांना तिकीट मिळालं त्यांच्या मागे वार्डातली एक मोठी जात एकगठ्ठा होती. निदान असं भैयाजी म्हणत होते. तीही त्यांनी आडनावं बघूनच मोजली असणार.

6 जुलैला पाऊस होता. आमच्या घरी वोटर पर्ची आलीच नाही. नवऱ्याचं नाव एका शाळेत, माझं दुसऱ्या शाळेत, आणि बाबांचं नाव शोधण्यात पाऊण तास गेला. पलीकडचे मेश्राम काका छत्री धरून बाबांबरोबर रांगेत उभे राहिले, नाहीतर ते परतच आले असते. शहरात मतदान निम्म्याच्या आसपासच झालं. एवढी वही करून, निम्मे लोक घरी बसतात तर मोजलेलं कुठे जातं?

17 जुलैला निकाल लागला. मालती राय 98,847 मतांनी महापौर झाल्या. हरल्या त्या विभा पटेल. 1999 च्या पहिल्या थेट निवडणुकीत जिंकलेल्या, शहरभर ओळख असलेल्या, म्हणजे भैयाजींच्या व्याख्येत पक्क्या जिताऊ. जिंकणाऱ्या बाई त्यांच्याइतक्या प्रसिद्ध नव्हत्या, पण पक्षाची बूथवरची माणसं त्यांच्याकडे जास्त होती. त्याच दिवशी ग्वाल्हेरला 57 वर्षांनी काँग्रेसच्या महापौर आल्या, शोभा सिकरवार. तिथे हा निकाल कोणी धरला होता? आणि बुऱ्हाणपूरला माधुरी पटेल अवघ्या 542 मतांनी जिंकल्या. दीडपट झालेल्या आमच्या वहीतली मतं तिथे असती तर, असं काका म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

जिताऊचं गणित इथे याहून अजब वळणंही घेतं. कटनीत महिलांसाठी राखीव असलेल्या पदावर लोकांनी कमला जान या किन्नर उमेदवाराला महापौर केलं होतं. मतं पडली, खुर्ची मिळाली, आणि मग न्यायालयाने निवड रद्द केली, कारण जागा महिलेची. हजारो लोकांनी निवडून दिलेलं माणूस कोण आहे, हे शेवटी कागदाने ठरवलं.

मी कोणाला मत दिलं ते बाबांना सांगितलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं.

आता पुढची निवडणूक 2027 मध्ये यायची आहे. माझी मुलगी अठराची झाली, तिचं नाव यादीत चढलं, श्रीवास्तव म्हणूनच. ती आजोबांशी मराठीत, बाबाशी हिंदीत आणि मैत्रिणींशी कशात बोलते ते तिलाच ठाऊक. मागच्या महिन्यात काकूंचा फोन आला. वही सापडली आहे, या वेळी आडनावं नकोत, गल्लीवार करू, ज्यांच्या घरी आपण गेलो आहोत ती घरं एका बाजूला आणि जिथे कधीच गेलो नाही ती दुसऱ्या बाजूला. मुलीलाही घेऊन ये म्हणाल्या, तिला लॅपटॉपवर करता येईल. वार्ड या वेळी कोणासाठी सुटतो, ते मात्र अजून कळायचं आहे.