अक्काचा उजवा हात

कोणते काम कुणाकडे सोपवावे, हे ठरविणे मोठे अवघड असते. लग्नघरात याचा विशेष प्रत्यय येतो. कोठीच्या किल्ल्या कुणाकडे द्यावयाच्या, व्याह्यांची सरबराई कुणी करावयाची, पंगतीत तूप कुणी वाढावयाचे, याची वाटणी करता करता यजमान मेटाकुटीला येतो. तूप वाढणारा हात सैल असून भागत नाही आणि आखडता असूनही भागत नाही. पण हीच पंचाईत एका चिमुकल्या यंत्रापायी आमच्या घरात उभी राहील, असे मला कुणी सांगितले असते, तर मी त्याला वेड्यात काढले असते.

हे यंत्र माझ्या मुलाने आणले. आकाराने साडीच्या खोक्याएवढे. वर आठ गोल नॉब, त्यांच्याखाली आठ सरकत्या पट्ट्या, आणि अगदी कडेला चालू, बंद व रेकॉर्ड अशी तीन बटणे. त्याला कंट्रोलर म्हणतात. वाद्यांच्या दुकानातून आणलेले असले तरी त्याला स्वतःचा आवाज मुळीच नाही. संगणकाला जोडावयाचे आणि संगणकात गाणे रेकॉर्ड करण्याचा जो प्रोग्राम असतो, त्याची कामे या नॉबांना नेमून द्यावयाची. नेमणूक होईपर्यंत ते बिचारे बिनखात्याच्या मंत्र्यासारखे असतात. फिरतात खूप, पण घडत काहीच नाही!

यंत्र आणले ते अक्कासाठी. अक्का माझी थोरली बहीण. वय शहात्तर. पन्नास वर्षे तिने गाणे शिकविले. गुरुजींकडून मिळालेल्या साठ-सत्तर बंदिशी तिच्या गळ्यात आहेत आणि त्यांतल्या कितीतरी तिच्या वहीतसुद्धा नाहीत. काचबिंदूने तिची नजर हळूहळू कुरतडून नेली. आता उजेड कोणत्या बाजूला आहे, एवढेच कळते. "गळा आहे तोवर हे उतरवून ठेवायला हवं," असे ती म्हणाली, तेव्हा आम्ही घरातल्या मागच्या खोलीत मायक्रोफोन मांडला. पण पडदा दिसत नाही म्हटल्यावर माउस काय कामाचा? तेव्हा माउसवर मी बसू लागलो. अक्काने "हं" म्हणावयाचे आणि मी टिचकी मारावयाची. दोन महिने अक्काचा उजवा हात मीच होतो.

त्यात एक अडचण होती आणि ती माझ्या फार उशिरा ध्यानात आली. अक्का एकेक बंदिश दोनदा गाई आणि "चालेल" म्हणे. वर्गातल्या मुलींना एकच आलाप वीस वेळा घोटायला लावणारी बाई स्वतःच्या गाण्याला "चालेल" कसे म्हणते? एकदा खोदून विचारले, तेव्हा म्हणाली, "तू बसून कंटाळतोस रे." मी कंटाळत नव्हतो. पण कुणीतरी आपल्यासाठी ताटकळले आहे, ही जाणीव असताना सूर कसा लागावा?

म्हणून हे यंत्र. आता ते संगणकाशी बोलते कसे, हेही सांगतो, कारण मला त्याची फार गंमत वाटली. त्या बोलीला मिडी म्हणतात. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियात भरलेल्या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन निरनिराळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका तारेने जोडले आणि एकावर वाजविलेले दुसऱ्यातून ऐकू आले. एका कंपनीचे डेव्ह स्मिथ आणि दुसरीचे, म्हणजे जपानी रोलंडचे, इकुतारो काकेहाशी, या दोघांची यामागे मुख्य खटपट. पुढे २०१३ साली दोघांना त्याबद्दल ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. व्यापारातले दोन प्रतिस्पर्धी एक भाषा बोलू लागले, हे मला तर वाद्याच्या शोधाइतकेच मोठे वाटते. या भाषेत नॉब फक्त आकडे बोलतो. "मी अमुक क्रमांकाचा, आणि सध्या नव्वदावर आहे," एवढेच. शून्यापासून एकशे सत्तावीसपर्यंत त्याची मजल. काही क्रमांकांची कामे परंपरेने ठरलेली आहेत. सात हा आवाजाच्या चढउताराचा, चौसष्ट हा पियानोच्या पायपट्टीचा. पण नव्वद म्हणजे तानपुरा मोठा की तबला मोठा, हे नॉबला ठाऊक नसते. ते प्रोग्रामने समजून घ्यावयाचे आणि प्रोग्रामला आपण सांगावयाचे.

सांगण्याची रीत सोपी आहे. आमच्याकडे एबलटन लाइव्ह नावाचा प्रोग्राम आहे. त्यात मिडीचे बटण दाबले की ज्या ज्या गोष्टी नेमून देता येतात, त्या साऱ्या पडद्यावर निळ्या होतात. त्यांतल्या एकीवर टिचकी मारावयाची आणि हवा तो नॉब जरासा फिरवावयाचा. झाली नेमणूक! ना अर्ज, ना मुलाखत.

मुलाने अर्ध्या तासात एकोणीसच्या एकोणीस जागा भरून टाकल्या. तानपुरा, तबला, अक्काचा आवाज, त्या आवाजावरचा घुमारा, मात्रा मोजणारी टकटक आणि आणखी कायकाय! अक्काने सगळ्यांवरून एकदा बोटे फिरविली आणि म्हणाली, "उजवीकडचं सगळं काढ."

"आत्या, अर्धं यंत्र वाया जाईल!"

"उजवा हात गाण्याचा आहे. तो मी कशाला देऊ?"

मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी अक्काला आठवून पाहिले. गाताना तिचा उजवा हात हवेत असतो. मींड घेताना तो खाली उतरतो, समेवर अलगद टेकतो. आणि डावा? पन्नास वर्षे तो पेटीच्या भात्यावर होता. वारा देणे, कमी करणे, थांबविणे ही त्याची कामे. मग तानपुऱ्याचा आवाज त्याने सांभाळावा, हे ओघानेच आले. शेवटी डावीकडच्या तीन पट्ट्या राहिल्या: तानपुरा, तबला आणि कानांतल्या हेडफोनमध्ये येणारा तिचा स्वतःचा आवाज. शिवाय ती तीन बटणे. सुदैवाने तीही डाव्याच कडेला होती. टकटकीची तर तिने पहिल्यांदाच हकालपट्टी केली. मायक्रोफोनची आवक मात्र या पट्ट्यांवर घेता आली नाही. ती ज्या दुसऱ्या डबीवर असते, तिथे मुलाने एकदाच ठीक करून ठेवली.

ओळखीसाठी अक्काने टिकल्या मागितल्या. तानपुऱ्याला मखमली, तबल्याला साधी गुळगुळीत आणि रेकॉर्डच्या बटणाला खड्याची.

तरी एक विघ्न आलेच. दुसऱ्या दिवशी जुनी बंदिश उघडली, तर तिच्यातला तानपुरा मंद ठेवलेला आणि यंत्रावरची पट्टी मात्र आदल्या दिवसाच्याच उंचीवर. अक्काने पट्टीला नुसते बोट लावले आणि तानपुरा कानांत असा गरजला की तिने हेडफोन काढून ठेवला. हे सर्वांनाच भोवते म्हणे. साध्या पट्टीला आपली जागा सोडून दुसरे काही कळत नाही. त्यावर प्रोग्रामात उपाय आहे, तो निवडून ठेवावा लागतो. मग पट्टी कितीही हलविली तरी पडद्यावरच्या जागेशी तिची गाठ पडेपर्यंत ती गप्प राहते आणि गाठ पडली की तिथून पुढे सूत्रे हाती घेते. मुलाने हे आत्याला समजावून सांगितले. ती म्हणाली, "बरोबरच आहे. आधी साथीदाराचा षड्ज ऐकायचा, मग तोंड उघडायचं."

आणखी एक गोष्ट, ज्यांच्या घरी असा उद्योग असेल त्यांच्यासाठी. या नेमणुका यंत्रात राहत नाहीत. त्या त्या गाण्याच्या फाइलीत राहतात. नवी फाइल उघडली की सारे पुन्हा बेकार! तेव्हा नेमणुकांसह एक कोरी फाइल नमुना म्हणून ठेवून द्यावी आणि प्रत्येक नवे गाणे तिच्यापासून सुरू करावे. आमच्याकडे सकाळी मुलगा कामावर जाण्यापूर्वी ती उघडून ठेवतो.

नंतर अक्का दार लावून घेते. तानपुरा आणि तबला तिच्या कानांत असतात, त्यामुळे बाहेर ऐकू येतो तो तिचा एकटीचा गळा. वयाने थोडा कापरा झालेला, कशाचाही आधार नसलेला. एक ओळ येते, थांबते. खड्याच्या टिकलीवर बोट गेले असावे. पुन्हा तीच ओळ. गेल्या मंगळवारी एकाच मुखड्याची मी अकरा आवर्तने मोजली आणि बाराव्याला चहा घेऊन दार वाजविले.

आतून आवाज आला, "अजून नाही!"