बैलाचं वशिंड

मागवलेल्या बरणीचं खोकं तिनं ओट्यावर ठेवून उघडलं आणि आतून भाताच्या पेंढ्याचा वास आला. कुणा कारागिरानं बरणीभोवती प्लास्टिकऐवजी चक्क पेंढा कोंबला होता. बरणी तशीच राहिली. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर, डिसेंबरच्या एका दुपारी, साठी ओलांडलेली ती बाई खोक्यात नाक खुपसून उभी राहिली.

वसईच्या घरात हा वास नाताळच्या आधी पडवीत यायचा. आजोबा बांबूच्या कामट्या बांधायचे, वर पेंढा शाकारायचे आणि कोपऱ्यात गव्हाण उभी राहायची. मग माळ्यावरून खोकं उतरायचं. त्यात मारिया, योसेफ, मेंढपाळ, गाढव आणि एक बैल, सगळे प्लॅस्टरचे. बाळ मात्र रुमालात गुंडाळून आजीच्या कपाटात. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतरच ते गव्हाणीत यायचं.

त्या बैलावरून आजोबांचं एकदा बिनसलं. बैल युरोपातल्या साच्यातला, पाठ सपाट. दारात दोन बैल बांधलेल्या माणसानं तो उलटसुलट करून पाहिला. ‘वशिंड कुठाय ह्याचं? जू अडणार कशाला?’ उठून बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या काठची चिमूटभर माती आणली, दोन बोटांत मळली, खांद्यावर दाबून बसवली आणि अंगठ्यानं कडा सारख्या केल्या. आई म्हणाली, ‘बाबा, देवाच्या वस्तूला हात कशाला लावता?’ आजोबा म्हणाले, ‘देवाच्या नाही, बैलाच्या लावला.’

माती वाळली की वशिंड गळून पडायचं. पुढच्या वर्षी नवं लागायचं.

पुढे वाचनाची गोडी लागल्यावर तिला कळलं, की लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, पण बैलाचा उल्लेखच नाही. गाढवाचाही नाही. बैल आपला धनी ओळखतो आणि गाढव आपल्या धन्याची गव्हाण, अशा अर्थाचं यशया संदेष्ट्याचं एक वचन आहे. त्यावरून ही जोडी मागाहून गोठ्यात शिरली. तारखेचंही तसंच. बायबलमध्ये ती कुठेच नाही. रोममधल्या इ. स. ३५४ च्या एका पंचांगवजा संग्रहात २५ डिसेंबरची नोंद सापडते. सम्राट ऑरेलियननं २७४ मध्ये सूर्यदेवाचं मंदिर उभारलं होतं. त्या सूर्याच्या उत्सवावर हा सण बसवला, की २५ मार्चला गर्भधारणा धरून पुढे नऊ महिने मोजले, यावर अभ्यासकांची भांडणं अजून चालू आहेत. इंग्लंडच्या प्युरिटन पार्लमेंटनं तर १६४७ मध्ये हा सणच रद्द केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून बावीस वर्षं तो पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता.

हे सगळं तिनं नवऱ्याला मोठ्या हौसेनं सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘म्हणजे तुझ्या आजोबांनी नसलेल्या बैलाला नसलेलं वशिंड लावलं.’

तिला ते लागलं. पण मग फ्रान्सिस भेटला. १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या फ्रान्सिसनं गवतानं भरलेली गव्हाण मांडली आणि शेजारी खराखुरा बैल नि गाढव आणून उभं केलं. बेथलेहेमचा गोठा कसा होता, हे त्याला गावकऱ्यांना त्यांच्याच गोठ्यातून दाखवायचं होतं. आणि फादर थॉमस स्टीफन्स? हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला आणि त्यानं ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. तिच्या हिशेबी तेही वशिंडच.

तिचा राग एकट्या सांताक्लॉजवर. वास्तविक संत निकोलस हा मायराचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला बिशप, आणि त्याचा सण ६ डिसेंबरला. अमेरिकेतल्या कवींनी आणि चित्रकारांनी एकोणिसाव्या शतकात त्याचा गुबगुबीत म्हातारा केला. त्यालाही तिची हरकत नाही. पण एका नाताळात माहेरच्या गव्हाणीत बाळाला भेटायला आलेल्या तिन्ही मागी राजांना मागे सारून हा सांता उभा, आणि पेंढ्यावर कापसाचा बर्फ! नारळीच्या वाडीत बर्फ! तिनं कापूस उपटला तेव्हा भाचे रडले. हे मात्र ती नवऱ्याला सांगत नाही. आजोबांची माती चालते, तर मुलांचा कापूस का नाही, हे तो विचारेल. आणि तिच्यापाशी उत्तर नाही.

शब्दसुद्धा पाहुणाच. लॅटिन नातालिस, पोर्तुगीज नाताल, आपलं नाताळ. वास्को द गामाच्या जहाजांना १४९७ च्या नाताळात आफ्रिकेचा जो किनारा दिसला, त्याचंही नाव नाताळ पडलं. वसईत तो शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, शब्द राहिला. आजोबांनी उभी हयात लॅटिनमधली मिस्सा ऐकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली, तेव्हा पहिल्याच रविवारी ते म्हणाले होते, ‘आता सगळं कळतं. डुलकी घेता येत नाही.’

बैल विकले गेले, गोठा पाडून तिथे मोटारसायकली लागल्या. भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा तिनं फक्त माळ्यावरचं ते खोकं मागितलं.

यंदा बरणीचा पेंढा त्या गव्हाणीला पुरला. सुट्टीला आलेला नातू शेजारी बसून पाहत होता. ‘आजी, गव्हाण म्हणजे क्रिब ना?’ तिनं सांगितलं, गुरांना वैरण घालायची जागा. ‘म्हणजे बैलाचं ताट?’ हो, ताटच. ‘मग बाळाला ताटात का ठेवलं?’ इतक्या वर्षांत तिला हा प्रश्न पडला नव्हता. ती म्हणाली, दुसरी जागा नव्हती.

मग तिनं बैल पुढे केला आणि कुंडीतली माती आणायला उठली. परत येईपर्यंत त्यानं आपल्या खेळण्यातली क्ले चिकटवून टाकली होती.

यंदाचं वशिंड निळं आहे.