बत्तीस बोअरच्या एका वेबलीस

प्रिय वेबली,

तुझ्याविषयी विचार करायला सरकारनंच मला सवड दिली आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ सांगतं की, परवानाधारकाला आपलं खासगी हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं असेल, तर आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं. तुझे मालक आबा तुला मला विकायला निघालेत, आणि त्यांनी तसं कळवून टाकलं आहे. कोल्हापुरात जमिनीचे सौदे एका चहावर तोंडी ठरतात, तिथं एवढं थांबणं जड जातं खरं. पण हे पत्र लिहायला बसलो ते त्या सवडीमुळंच.

आबांनी माडीवर तुला फडक्यातून काढलं तेव्हा मी पहिल्यांदा तुझी नळी बघितली. डाव्या बाजूची खिट्टी अंगठ्यानं दाबली, नळी पुढं वाकवली आणि मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरलं. नखावरचा उजेड नळीत चढतो आणि आतले आटे दिसतात. तुझे आटे शाबूत आहेत. तोंडाशी थोडे चट्टे आहेत, ते बिनपुसता ठेवल्याचे. सिलिंडर किंचित हलतं. बिजागरीत मात्र खेळ नाही, आणि मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये पहिली बघायची ती बिजागरीच. काळा मुलामा मुठीजवळ उडून आतलं लोखंड पांढरं पडलंय. ते मला खटकलं नाही. बर्मिंगहॅमच्या तपासणीचे शिक्के अजून वाचता येतात आणि एकही आकडा खोडलेला नाही. जुन्या हत्याराच्या व्यवहारात हा शेवटचा मुद्दा किमतीच्याही आधी येतो.

मग आबांनी ते वाक्य टाकलं. “मधी गोळीच मिळंना, मग पिस्तुलाच्या घातल्या ह्यात. वाजत्यात की!”

आबांकडं तेव्हा बत्तीसचं पिस्तूलही होतं, म्हणून त्या गोळ्या घरात होत्या. कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडची हत्यारं तीनवरून दोनवर आणली. बाराबोअर डबलबारी ठेवली, तुला ठेवलं आणि पिस्तूल विकलं. पण त्याआधी किती पिस्तुली गोळ्या तुझ्या पोटातून गेल्या, ते तुला माहीत आणि आबांना.

आपल्याकडं ‘बत्तीस’ म्हटलं की दोन वेगळी काडतुसं निघतात. तुझं ते ‘बत्तीस स्मिथ अँड वेसन लाँग’. त्याला बुडाशी ठळक काठ असतो आणि त्या काठावर ते सिलिंडरमध्ये टेकतं. पिस्तुलाचं बत्तीस म्हणजे जॉन ब्राउनिंगचं ७.६५ मिलिमीटर, १८९९ चं. त्याचा काठ अगदी पुसट, कारण मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेल्या गोळ्यांचे काठ एकमेकांत अडकून चालत नाही. दोन्हींची अंगकाठी जवळजवळ सारखी, त्यामुळं पिस्तुलाची गोळी तुझ्यात बसते आणि उडतेही. पण अमेरिकेतल्या कारखानदारांच्या मानकांत तुझ्या काडतुसाला कमाल दाब चौरस इंचाला १५,००० पौंड धरलाय आणि पिस्तुलाच्या बत्तीसला २०,५००. जुन्या, बिजागरीच्या, खिशात मावणाऱ्या हत्याराला हा फरक झेपेलच असं कुणी लिहून देणार नाही.

मी आबांकडून दोन्हींची रिकामी कवचं मागून घेतली. तुझी सहा भरली, तुला मोडलं, कवचं बाहेर ढकलणारी मधली चांदणी वर आली आणि सहाच्या सहा सतरंजीवर पडली. मग पिस्तुलाची भरली. चार पडली, एक अर्ध्यात अडकलं आणि एक चांदणीच्या खाली घसरून तिथंच बसलं. ते काडीनं टोकरून काढताना आबा नुसते बघत राहिले.

पिस्तुलाची गोळी रिव्हॉल्व्हरमध्ये घालण्याचा हा उद्योग आबांनी शोधून काढलेला नाही. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तिच्या सैन्याकडं पॉइंट पंचेचाळीसची पिस्तुलं पुरेशी नव्हती. मग कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोघांना सांगण्यात आलं की, तुमची मोठी रिव्हॉल्व्हरं पिस्तुलाच्याच गोळीला बसवून द्या. गोळीला काठ नाही, मग कवच बाहेर कसं ओढायचं? त्यावर तोडगा निघाला अर्धचंद्राच्या आकाराच्या पातळ पोलादी पट्टीचा. एका पट्टीत तीन गोळ्या, दोन पट्ट्यांत सिलिंडर भरलं. दोन्ही कंपन्यांनी मिळून अशी तीन लाखांच्या आसपास रिव्हॉल्व्हरं केली आणि आज तिकडं संग्राहक त्यांच्यामागं धावतात. पुढं १९२० मध्ये कुणीतरी त्याच गोळीला जाड काठ लावून विकायला काढली आणि पट्टीची गरजच संपवली. दुसऱ्या महायुद्धानंतर तुझ्या थोरल्या भावंडांवर, म्हणजे पॉइंट ४५५ च्या वेबलींवरही तिकडं तीच पाळी आली. अमेरिकेत तुमची गोळी मिळेना म्हणून सिलिंडरची पाठ तासून त्यांना पंचेचाळीसची गोळी बसवली. पुष्कळ वेबली त्यात नासल्या, असं माझं मत आहे.

गंमत म्हणजे नेमबाजीत बरोबर उलटं झालं. २५ मीटर सेंटर फायर प्रकारात वर्षानुवर्षं तुझंच काडतूस चालत आलंय, सपाट नाकाची गोळी बसवलेलं आणि तेही मॅगझिनच्या पिस्तुलातून. जसपाल राणानं २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुण करून विश्वविक्रमाशी बरोबरी केली, ती याच प्रकारात. तेव्हा तुझ्या गोळीला कुणी खेळणं म्हणू नये.

आता कायद्याचं. तुझा पॉइंट अडतीसचा भाऊ तुझ्याहून अंगानं जरा मोठा, चेहरामोहरा तोच. तो ब्रिटिशांच्या फौजेत आणि पोलिसांत होता. तो मला फुकट दिला तरी घेता येणार नाही. आपल्या शस्त्र नियमांत निषिद्ध बोअर ठरवताना हत्यारावर काय कोरलंय एवढंच बघत नाहीत, त्यात काय बसतं ते बघतात. पॉइंट ३८० किंवा पॉइंट ४५५ ची काठाची काडतुसं किंवा फौजेची ९ मिलिमीटरची गोळी ज्यात बसेल आणि उडेल, ते निषिद्ध. त्याचा परवाना दिल्लीहून, आणि विनापरवाना सापडलं तर २०१९ नंतर किमान ७ वर्षं आत. तू बत्तीसचं म्हणून वाचलंस. कानपूरच्या शस्त्र कारखान्यानं आपलं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर तुमच्याच घराण्यावरून बेतलं तेही याच कारणानं. सामान्य माणसाला देता येईल असं तुमच्यातलं हे माप होतं.

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून बाहेरून हत्यारं आणणं सामान्य परवानाधारकाला बंद झालं आणि त्याआधी आलेल्या जुन्या विलायती मालाला सोन्याचा भाव आला. बर्मिंगहॅमच्या तुझ्या मूळ कंपनीनं तर १९७९ मध्येच बंदुका करणं सोडून दिलं. पुढं २०२० मध्ये वेबली हे नाव उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात संडिल्याला आलं. लखनौच्या कंपनीबरोबर बत्तीसचं नवं रिव्हॉल्व्हर, किंमत तेव्हा साधारण १ लाख ६० हजार. कानपूरचं ‘निर्भीक’ २०१४ मध्ये १ लाख २२ हजारांना निघालं होतं. वापरायला हवं असेल तर शहाण्या माणसानं नवं घ्यावं. नवी बिजागरी, सुट्या भागांची सोय आणि मागं कुणी काय घातलं याची चिंता नाही. आबा तुझे जेवढे मागतात, त्यात नवं येऊन वर पैसे उरतील.

पण मला तू वापरायला नकोच आहेस. माझी अडचण नेमकी तिथंच सुरू होते.

मला तू आवडतंस. मोडून उघडताना होणारा तो एकच ‘खट्’, चांदणीची एका दमात वर येणारी उसळी, हे सगळं कुण्या कारागिरानं कानस हातात धरून जमवलं असेल हा विचार. दिवाणखान्यात लोक विंटेज घड्याळं मांडतात, जावा मोटारसायकली जपतात, त्यांना कुणी कारण विचारत नाही. तुझ्यासाठी मात्र मला कारण लिहावं लागेल. कलम १३ म्हणतं, बाराबोअरसारखी साधी बंदूक स्वसंरक्षणाला, खेळाला किंवा पिकाच्या राखणीला द्यावी. बाकी हत्यारासाठी अर्जदाराकडं सबळ कारण आहे अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. माझ्याकडं वडिलांपासूनची डबलबारी आहे, ती उसाच्या राखणीची. डुकरांनी ऊस लोळवला की तिचं कारण आपोआप सिद्ध होतं. तुझ्या कारणाच्या रकान्यात सगळे जण एकच शब्द लिहितात : स्वसंरक्षण.

कुणापासून? माझं कुणाशी वैर नाही. बांधाचा एक तंटा होता, तो तंटामुक्ती समितीपुढं मिटला. घरात सोनं नाही, ते बँकेत आहे. रात्री मी गावाच्या रस्त्यानं चालत येतो आणि घाबरतो तो फक्त कुत्र्यांना. जीविताला धोका आहे असं लिहिलं की पोलीस चौकशीला येणार, शेजाऱ्याला विचारणार आणि शेजारी माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागणार. एका हौसेपायी मी गावभर भीती पेरायची! ओळखीतल्या एकानं असंच भीतीचं कारण लिहून परवाना काढला. पुढं त्याला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं आणि आता तो लग्नालाही कमरेला लावून येतो. मिरवण्यासाठी हवेत गोळी झाडणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे, हे त्याला दर वरातीत सांगावं लागतं.

खेळाचं कारण लिहावं म्हटलं, तर कोल्हापुरात ते लिहायला छाती पाहिजे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिचला जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ मध्ये पालेम्बांगला आशियाई सुवर्ण घेतलं. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून कांस्य आणलं. दुधाळीच्या रेंजवर घाम गाळलेल्या पोरांच्या गावात मी तीन इंची नळीचं, न हलणाऱ्या माशीचं रिव्हॉल्व्हर घेऊन ‘खेळाडू’ म्हणून उभं राहायचं? पोरं मान राखून गप्प बसतील, पण मला कळेल ना!

उरतं ते वर्षातून एकदा खंडेनवमीला तुला पाटावर मांडणं. आणि निवडणूक आली की ठाण्यात जमा करणं. खरं तर सरसकट सगळ्यांनी जमा करायचं नसतं, छाननी समितीनं प्रत्येकाचं बघून ठरवायचं असतं. पण नोटीस आली की कुणी वाद घालत नाही. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत असं मोजत गेलं तर तुझा बराच मुक्काम पोलीस ठाण्यातच पडेल. तिथं तुझ्या नळीत कोण तेल घालणार? साखर कारखान्याच्या निवडणुकीला हत्यारं जमा करायची वेळ येत नाही एवढंच नशीब. तिथली इरसाल मंडळी बघितली की वाटतं, यायला हवी.

तर मी असा अडलेलो असताना आबांना सहज विचारलं, विकताय कशाला? आबांनी सत्तरी ओलांडली आहे. नियमानं परवानाधारकाला सत्तर वर्षं झाली किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडं असलं, यांतलं जे आधी होईल तेव्हापासून वारसाच्या नावानं परवाना मागता येतो, त्यासाठी मरायची वाट बघावी लागत नाही. आबा म्हणाले, “दोन्ही पोरं नको म्हणत्यात. थोरला पुण्यात फ्लॅटात राहतोय, धाकट्याच्या बायकोला घरात चालत नाही.” ठीक. मग मी विचारलं, “आणि गडहिंग्लजला दिलेल्या ताई?”

आबा थोडा वेळ तुझ्याकडंच बघत बसले. “तिला कुठं कोण विचारलंय?” म्हणाले. मग त्यांनीच सांगितलं की, लहानपणी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तुला पुसायचं काम ताईंचं असायचं. पोरांना तेलकट हात नको असायचे. चांदणीखालची घाण काडीला कापूस गुंडाळून काढायची युक्ती त्यांचीच. आजही ताई माहेरी आल्या की पहिलं विचारतात, वेबली बरी आहे ना? आणि हे सगळं सांगत असताना हे गृहस्थ तुला मला विकत होते. वारस म्हटलं की आपल्याकडं डोळ्यांपुढं पोरगाच येतो, जमिनीत काय आणि हत्यारात काय. नियमात मात्र लेकही आहे, सूनही आहे.

मी आबांना म्हटलं, नोटिशीची मुदत अजून बाकी आहे. तेवढ्यात ताईंना फोन करा, आणि करताना पिस्तुलाच्या गोळ्यांचंही सांगा, लपवू नका. ताईंनी हो म्हटलं तर अर्ज वारसाचा होईल. त्यात कुणाला कुणाची भीती वाटायची गरज नाही, बापाचं हत्यार लेकीकडं एवढं पुरे. तुझी बिजागरी आणि सिलिंडर मात्र त्यांनी आधी जाणत्या, परवाना असलेल्या शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडून तपासून घ्यावं. आणि पुढं तुझ्यात जाईल ते खडकीच्या कारखान्याचं, रिव्हॉल्व्हरचं म्हणून विकलेलं काडतूसच.

ताईंनी नाही म्हटलं, तर तुला सोडायची माझी तयारी नाही, हेही सांगून ठेवतो. मग मी दुसऱ्या हत्याराच्या नोंदीसाठी रीतसर अर्ज करीन, आणि कारणाच्या रकान्यात स्वसंरक्षण लिहिणार नाही. लिहीन : ‘जुन्या यंत्राची हौस. कुणाचीही भीती नाही. गोळ्या नकोत.’ हे कारण सबळ आहे की नाही, ते जिल्हाधिकारी साहेबांनी ठरवावं. नकार आला तर लेखी मागून घेईन आणि अपिलात जाईन.

तुझा,
सध्या तरी एक डबलबारीवाला