लेकरू सांभाळत व्यायाम कसा करायचा?



आज आधी माझ्याच घरातलं सांगते, मग तुमच्या कामाचं.

मागच्या हिवाळ्यात ओपीडीत हिंगणघाटकडची एक बाई आली होती. वय तिशीचं, मांडीवर दोन वर्षांचा मुलगा, घरी शिलाई मशीनवर ब्लाउज शिवायचं काम. गरोदरपणात तिला साखर निघाली होती. बाळंतपणानंतर ती उतरली, म्हणून पुन्हा कुणी तपासलीच नाही. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "रोज अर्धा तास भरभर चालायचं. आठवड्यातून किमान पाच दिवस." तिनं मान डोलावली. मग मुलाच्या मुठीतून माझा पेन सोडवता सोडवता अगदी साधेपणानं विचारलं, "तुमी फिराले जाता तवा तुमचं लेकरू कोन पाह्यते जी?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर असं होतं की मी फिरायला जातच नव्हते.

माझी मुलगी तेव्हा सोळा महिन्यांची होती. मलाही गरोदरपणात साखर झाली होती आणि नंतरची तपासणी मीही "पुढच्या आठवड्यात करू" म्हणत टाळली होती. त्या संध्याकाळी रक्त दिलं. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझ्या आईला पन्नाशीच्या आत मधुमेह झाला, आता दृष्टी टिकवण्यासाठी तिला डोळ्यांत इंजेक्शनं घ्यावी लागतात. तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ गाडीत बसून होते.

गरोदरपणातली साखर "गेली" म्हणून विसरू नका

प्रसूतीनंतर साखर बहुतेकींची उतरते. पण अशा स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. म्हणून बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज पिऊन करायची तपासणी करावी आणि पुढे दर १ ते ३ वर्षांनी साखर पाहत राहावी.

यात चांगली बातमीही आहे. अमेरिकेतल्या मोठ्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासाचे निकाल २००२ साली आले. आहारात बदल, थोडं वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढ्यानं उंबरठ्यावरच्या लोकांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. त्यातल्या गरोदरपणात साखर झालेल्या स्त्रियांमध्येही ते जवळपास निम्म्यावर आलं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाचा भारतीय अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात आहार आणि व्यायामानं ही घट २८ टक्क्यांच्या आसपास होती. आकडा लहान असला तरी तो आपल्या लोकांचा आहे, आणि गोळीशिवायचा आहे.

माझे तीन फसलेले प्रयत्न

पहिला: पहाटे पाचचा गजर. मी उठले की अंथरुणातली ऊब जाते आणि लेक जागी होते. पाच दिवसांत आम्ही दोघी चिडचिड्या झालो.

दुसरा: जिमची तीन महिन्यांची फी. एकूण अकरा वेळा गेले. एकदा तिला ताप, एकदा मला, मग घरी पाहुणे.

तिसरा सगळ्यात वाईट. तिला मोबाइलवर गाणी लावून बसवायचं आणि बाजूला मी व्यायाम करायचा. आठवड्याभरात मोबाइल काढून घेतला की ती जमिनीवर लोळण घेऊ लागली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एक वर्षाच्या मुलांना पडदा अजिबात नको, दोन वर्षांनंतरही तासाभराहून जास्त नको. आणि १ ते २ वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी. म्हणजे माझ्या तीस मिनिटांसाठी मी तिची तीस मिनिटं कापत होते.

तुकडे चालतात

माझी चूक अशी, की मला अखंड एक तास हवा होता. पूर्वी डॉक्टर सांगत की व्यायाम सलग दहा मिनिटांचा तरी असावा, तरच तो धरायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ती अट काढून टाकली आहे. मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा, पण तो पाच-पाच मिनिटांत केला तरी बेरजेत येतो.

मग घरकाम व्यायामात धरायचं का? त्याची सोपी परीक्षा आहे. काम करताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागत असेल तर तो मध्यम व्यायाम. ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटणं यात बसत नाही. बादलीभर ओले कपडे घेऊन गच्चीचा जिना चढणं बसतं. आमच्याकडे ही परीक्षा लेकच घेते. हनुमान टेकडीचा चढ तिला कडेवर घेऊन चढायला लागले की ती गाण्याचा हट्ट धरते. बडबडगीताची पहिली ओळ होते, दुसरीला श्वास पुरत नाही. व्यायाम चालू झाला!

माझे दिवसाचे तुकडे असे आहेत:

- जेवणानंतर दहा मिनिटं चालणं. दुपारी दवाखान्याच्या आवारात, रात्री गच्चीवर. जेवल्यावर चाललं की साखर कमी चढते. उंबरठ्यावरच्या माणसाला हा सगळ्यात स्वस्त उपाय.
- खुर्चीवरून उठबस, १० ते १२ वेळा. हात न टेकता. लेक समोर उभी राहून आकडे म्हणते, तिच्या मोजणीत "दोन" नंतर थेट "दहा" येतं.
- भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे टेकवायचे, कोपर वाकवून छाती भिंतीकडे न्यायची, परत यायचं.
- पाठीवर झोपून कंबर उचलणं. गुडघे दुमडलेले, पाय जमिनीवर. माझ्या कमरेखालून तिची गाडी जाते, ती गेल्याशिवाय कंबर खाली आणायची परवानगी नाही.

दीड वर्षाचं मूल साधारण दहा किलोचं असतं, आणि दिवसातून वीसेक वेळा ते उचललं जातंच. कमरेतून वाकून उचललं तर कंबर धरते. गुडघे वाकवून, त्याला छातीशी घट्ट धरून, श्वास सोडत उठलं तर तीच मांड्यांची कसरत होते.

तिचं चालणं वेगळं, आपलं वेगळं

आपल्या जिल्ह्याला चालण्याचं महत्त्व काय सांगावं! १९३६ साली गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले तेव्हा ६६ वर्षांचे होते. सकाळ-संध्याकाळचं फिरणं त्यांनी इथेही चालू ठेवलं, आणि ते एकट्याचं नसे. सोबत आश्रमातली मंडळी, पाहुणे, मुलं असत, कामाची बोलणीही चालता चालता होत. त्यातून मी एक गोष्ट उचलली. आईला रोजचा फोन मी आता बसून करत नाही, चालताना करते.

पण लेकीला घेऊन निघालं तर चालणं होत नाही. प्रत्येक खडा उचलायचा, प्रत्येक कुत्र्याला नमस्कार करायचा. घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आम्हाला पस्तीस मिनिटं लागली आहेत. हा तिचा व्यायाम आहे आणि तो तिला मिळायलाच हवा. पण तो आपल्या खात्यात धरू नका, म्हणजे चिडचिड होत नाही.

उन्हाळ्यात मात्र वेळ सांभाळा. वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. एप्रिल ते जून बाहेरचं चालणं सूर्य वर येण्याआधी किंवा रात्रीच. अंगावर पाजत असाल तर निघण्याआधी आणि आल्यावर पाणी प्या. व्यायामानं दूध आटतं ही भीती मनातून काढा, मध्यम व्यायामानं तसं होत नाही.

लाजेमुळे न सांगितलेलं

खोकताना, हसताना, मुलाला उचलताना लघवीचे थेंब जातात, हे ओपीडीत बायका शेवटच्या मिनिटाला, दाराशी उभं राहून सांगतात. त्याला उपाय आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते ओळखा. मोजून पाच सेकंद आवळा, तेवढाच वेळ सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. हा व्यायाम प्रत्यक्ष लघवी करताना करू नका. मी तो रेल्वे फाटकाशी थांबल्यावर करते, कुणाला कळत नाही.

पाठीवर झोपून डोकं उचलल्यावर पोटाच्या मधोमध उंचवटा येत असेल, तर पोटाचे स्नायू विलग झालेले असू शकतात. अशा वेळी पोट कमी करायला उठाबैठकीसारखे पोटावर जोर देणारे व्यायाम परस्पर सुरू करू नका, आधी दाखवा.

आणखी एक. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांचं रक्त कमी आहे, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. थोडं चाललं तरी धाप लागत असेल तर स्वतःला आळशी म्हणू नका, हिमोग्लोबिन तपासा. आणि दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला मी "चालत जा" म्हणत नाही. तिला हवी असते विश्रांती, लोहाची गोळी आणि कमरेचे, ओटीपोटाचे व्यायाम.

तो अर्धा तास येतो कुठून?

तुकड्यांनी बरंच काम होतं. पण मला एक सलग अर्धा तास हवाच होता, शरीरासाठी आणि डोक्यासाठीही. मी नवऱ्याला दीड वर्ष "जरा मदत कर" म्हणत आले होते. मदत मनात आली तर होते. औषध मात्र वेळेवरच घ्यावं लागतं. म्हणून एका रात्री मी माझ्याच लेटरहेडवर लिहिलं: "रोज संध्याकाळी ६.४५ ते ७.१५ लेक बाबाकडे. मधे फोन करायचा नाही. कालावधी: कायम." खाली सही केली आणि सोबत ६.१ चा रिपोर्ट जोडून फ्रिजवर लावलं.

त्यानं दोन्ही कागद वाचले. "इतकी आहे हे सांगितलं नाहीस," एवढंच म्हणाला. खरंच, मी सांगितलं नव्हतं. डॉक्टरीण असून साखर निघाली, याची मला लाज वाटत होती.

पहिले सहा-सात दिवस ती दाराशी उभी राहून रडली. सासूबाई म्हणाल्या, "लेकरू रडते अन् आई फिरते." मला ते लागलं. दोनदा अर्ध्या रस्त्यातून परत आले, तर ती बाबाच्या पाठीवर बसून घोडा घोडा खेळत होती. नंतर गेटशी रेंगाळणं सोडलं. आता साडेसहा वाजले की तीच माझे बूट आणून ठेवते, दोन्ही पायांतले उलटसुलट.

चार महिन्यांनी एचबीए१सी ५.८ आलं. वजन तीन किलोंनी उतरलं. मी अजून उंबरठ्यावरच आहे, पण दोन पावलं मागे.

केव्हा थांबायचं

सिझेरियन झालं असेल तर हळूहळू चालणं लवकर सुरू करता येतं, पण वजन उचलणं, धावणं, उड्या हे डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच. व्यायामानंतर रक्तस्राव, छातीत दुखणं, चक्कर, एका पिंडरीला सूज आणि दुखणं, किंवा खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटणं, यातलं काहीही झालं तर थांबा आणि दाखवा. मन सतत उदास असेल, बाळाकडे पाहूनही रडू येत असेल, तर तेही दाखवायचंच दुखणं आहे.

ती हिंगणघाटकडची बाई मागच्या महिन्यात रिपोर्ट घेऊन आली. तिची साखरही उंबरठ्यावर निघाली. मी म्हटलं, "तुम्ही मला विचारलं होतं ना, लेकरू कोण पाहतं? आता त्याचा बाप पाहतो." ती तोंडाला पदर लावून हसली. "माह्या घरी कोन आयकते जी?"

नवरा बाहेर बाकावर बसला होता. त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली, रिपोर्टमधला आकडा बोट ठेवून समजावला. मग चिठ्ठीवर तिच्या गोळीच्या खाली त्याचं काम लिहिलं: रोज संध्याकाळी अर्धा तास मुलगा वडिलांकडे. त्यानं चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारलं, "किती दिवस?"

मी म्हटलं, गोळीसारखंच. पुढच्या तपासणीला दोघांनी सोबत या.