श्रावणातले आकाशकंदील

व्यंगचित्रकाराची दिवाळी श्रावणात येते. अंक दिवाळीआधी स्टॉलवर लागायचा, तर चित्रं निदान गणपतीच्या सुमारास संपादकांच्या हातात पडायला हवीत. त्यामुळे बाहेर पागोळ्या गळत असताना मी पणत्या काढत बसते. हवेत इतका ओलावा असतो की कागद सादळतो आणि टाकानं रेघ ओढली की शाई दोन्ही कडांनी फुटते. रेघेला बारीक मुळ्या फुटाव्यात तशी. यावर माझा उपाय म्हणजे कागदावरून आधी कोमट इस्त्री फिरवायची. इस्त्रीचं टेबल मांडलेलं दिसलं की घरातले आपापले शर्ट आणून ठेवतात. ते शर्ट करून झाल्यावर मी आकाशकंदिलाकडे वळते.

हा नाद लागला साताऱ्यात. आमच्या पेठेतल्या वाचनालयाची दिवाळी अंक योजना असायची: ठरावीक पैसे भरायचे आणि एकेक अंक घरी नेऊन वाचायचा. वडील ‘मौज’ आणायचे, ‘सत्यकथा’ आणायचे, आईसाठी ‘दीपावली’. दीनानाथ दलालांनी रंगवलेल्या त्या मुखपृष्ठावरच्या बाईसारखी बाई साताऱ्यात तरी मी कधी पाहिली नाही. मराठीत ही दिवाळी अंकांची चाल पाडली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’नं, १९०९ साली. तेव्हापासून लोक दिवाळी अंकातल्या कथाकवितांबद्दल हिरिरीनं वाद घालत आलेत. चित्रांबद्दल सहसा कोणी घालत नाही. मी मात्र अंक हातात आला की तो मागून पुढं चाळायची आणि हास्यचित्रं संपली की वडिलांच्या उशाशी ठेवून द्यायची. माझ्या दृष्टीनं अंक वाचून झालेला असायचा.

सुट्टीतलं दुसरं वाचन म्हणजे इंद्रजाल कॉमिक्स. भाऊ अंगणात किल्ला करायचा आणि मावळ्यांवर लक्ष ठेवायला मला बसवायचा. शिवाजी महाराजांच्या सिंहासनाशेजारी बसून मी ली फॉकचा वेताळ वाचला आहे. अंधार काढायचा म्हणजे सगळं काळं करायचं नसतं, कुठं पांढरं सोडायचं ते ठरवायचं असतं, हे मी त्या कवटीच्या गुहेत शिकले.

‘आवाज’ मात्र वाचनालयात मिळायचा नाही. म्हणजे अंक होता, पण ग्रंथपालांच्या खणात, आणि तो खण परकऱ्या मुलींसाठी उघडत नसे. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या या अंकाच्या ‘खिडक्या’ महाराष्ट्रभर गाजत होत्या. मी त्या पाहिल्या मामाकडे, भाऊबीजेला. पानाला चौकोन कापलेला. त्यातून मागच्या पानावरच्या चित्राचा तुकडा दिसायचा आणि पुढच्या चित्राला चिकटून भलतंच काहीतरी सुचवायचा. पान उलटलं की मागे एखादा निरुपद्रवी गृहस्थ कलिंगड घेऊन उभा! वाचकाच्या मनातलं पाप वाचकाच्याच पदरात. चावटपणा म्हणून कोणी कितीही नाकं मुरडोत, यात कारागिरी फार होती. दोन पानांवरची चित्रं एकमेकांशी तंतोतंत जुळायला हवीत, छपाईत आणि कापणीत जरा सरकलं की विनोद गेला. पुढं स्वतः काढायला लागल्यावर मी या खिडक्यांकडे मामापेक्षा जास्त आदरानं पाहिलं.

तरी पोटात काहीतरी हललं ते शि. द. फडणीसांमुळे. बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे, १९२५चा जन्म, शिक्षण जे. जे.मध्ये. अनंत अंतरकरांच्या ‘हंस’ आणि ‘मोहिनी’साठी त्यांनी मुखपृष्ठं केली. १९५२च्या ‘मोहिनी’वरचं त्यांचं चित्र कित्येकांना आजही डोळ्यांसमोर आणता येतं: तरुणाच्या शर्टावर मांजरं, शेजारच्या तरुणीच्या साडीवर उंदीर. खाली एक अक्षर नाही. मुखपृष्ठावर तोवर सुंदर स्त्री असे. फडणीसांनी तिथं विनोद नेऊन बसवला, तोही रंगीत आणि बिनशब्दांचा. मी ते चित्र ‘हसरी गॅलरी’ या त्यांच्या प्रदर्शनात पाहिलं तेव्हा शेजारी एक आजी उभी होती. तिला अक्षरओळख असावी असं वाटलं नाही. ती माझ्या आधी हसली.

आणि ज्यांच्या घरी दिवाळी अंक येत नव्हता त्यांनाही फडणीस भेटलेच, बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात. गणितानं रडवलेल्या किती पोरांना त्यांनी त्याच पानावर हसवलं असेल.

वसंत सरवट्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे लगेच हसू येत नाही. ते पेशानं स्थापत्य अभियंते, एसीसीत नोकरी. म्हणूनच की काय, त्यांच्या चित्रातला जिना खरोखर चढून जाता येईल असा असतो. ‘ललित’च्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ म्हणजे सरवटे, हे वर्षानुवर्षं इतकं पक्कं होतं की स्टॉलवर नाव न वाचता हात तिकडे जायचा. साहित्यातली माणसं, त्यांचे हेवेदावे, त्यांची पुस्तकं, सगळं गर्दीनं एका पानावर. जयवंत दळवींच्या ठणठणपाळाला चेहरा दिला तोही त्यांनीच. फडणीसांच्या चित्रातला माणूस आपल्याला आवडतो. सरवट्यांच्या चित्रातला माणूस आपणच असतो, म्हणून जरा वेळ लागतो. मला विचाराल तर मोठे कोण हे मी सांगणार नाही, पण अडगळीतून पुन्हा काढून पाहते ते सरवटे.

आता थोडं कडू. तेव्हाच्या अंकांत दिवाळीचे विनोद ठरलेले होते. बायकोचे लाडू इतके टणक की नवऱ्याचा दात पडला. बायकोच्या खरेदीनं बोनस संपला. बायको जाडी, हातात लाटणं, दारात उभी. दरवर्षी तेच. मी ते पाहून हसायचे नाही असं नाही, पण आमच्या घरातली बाई त्यात कुठे दिसत नव्हती. चित्र काढणाऱ्यानं फराळ होताना कधी पाहिलंच नव्हतं, नुसता झालेला खाल्ला होता. आई चकल्या करायला बसली की मी तिच्याकडे बघत राहायची. पीठ घट्ट झालेलं असलं की सोऱ्या हातानं दाबला जात नाही, अंगानं दाबावा लागतो. खांदे कानांपर्यंत येतात, हनुवटी छातीला टेकते, पाटावरचा एक गुडघा आपोआप वर उचलला जातो. आणि इतकं करून खाली ताटात काय पडतं, तर नाजूक काटेरी वेटोळं. विनोद तिथं होता, आयता. लाडूत नव्हता.

ते मी चित्रात काढलं. आई सोऱ्या दाबतेय. मागे बाबा बनियनवर, छाती फुगवून, मुद्गल फिरवतायत. पण दंड फुगलाय तो आईचा. खाली ओळ नाही. सही म्हणून नुसतं आडनाव. अशी काही चित्रं आधी साभार परत आली होती, परतीचं तिकीट मीच जोडलेलं असायचं. या वेळी पोस्टकार्ड आलं: “श्री. यांस, स. न. वि. वि., चित्र घेतले आहे. गृहिणीचे निरीक्षण पुरुष असूनही चांगले आहे.” मी ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडले नाही. मानधन म्हणून अंकाची एक प्रत आली आणि पुढेही बरीच वर्षं बऱ्याच ठिकाणांहून तेवढंच येत राहिलं. म्हणून बँकेतली नोकरी सोडली नाही. या धंद्यात ते काही नवीन नाही.

तेव्हा चित्र थेट छापत नसत, त्याचा जस्ताचा ब्लॉक करत. चित्राचा फोटो पत्र्यावर उतरवायचा आणि ॲसिडला रेषा सोडून बाकीचा पत्रा खायला लावायचा. बारीक रेघ असली तर ॲसिड तीही खाऊन टाकायचं. म्हणून छापायच्या आकाराच्या दीडपट मोठं आणि ठसठशीत काढायचं. माझी रेषा जाड आहे, धीट आहे असं कोणी म्हणतं तेव्हा मला तो ब्लॉकमेकर आठवतो. पुढं ऑफसेट आलं, मग रंग आला, आता टॅब. टॅबवर चुकलेली रेघ मागं घेता येते. फार मागं घेतली की चित्रातलं माणूस गुळगुळीत होतं, एवढंच माझं त्याबद्दल गाऱ्हाणं.

नोकरीनिमित्त पुण्यात आल्यावर एका दिवाळीत नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबले होते. एक काटकुळे गृहस्थ पुढं आले आणि हातात शुभेच्छापत्र ठेवून पुढच्या स्कूटरकडे गेले. मंगेश तेंडुलकर! दारूगोळा कारखान्यात नोकरी केलेला, चित्रकला स्वतःच शिकलेला हा माणूस दरवर्षी वाहतुकीचे नियम पाळा सांगणारं व्यंगचित्र काढायचा, ते स्वतः छापून घ्यायचा आणि दिवाळीत चौकात उभं राहून वाटायचा. पुणेकराला नियम सांगायचा आणि वर त्याला हसवायचं, दोन्ही एकदम. ज्यानं घाईनं सिग्नल तोडायचा बेत केला होता तो कार्ड वाचेपर्यंत लाल दिव्याला थांबून राहायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. व्यंगचित्राचा परिणाम होतो का, असं कोणी परिसंवादात विचारलं की मी हे उदाहरण देते. २०१७च्या जुलैत ते गेले. ती कार्डं माझ्याकडे आहेत. एक मोटारीच्या डॅशबोर्डवर आहे, तरी मी पिवळ्या दिव्याला वेग वाढवतेच.

दैनिकातलं व्यंगचित्र संध्याकाळी शिळं होतं, पुढच्या पिढीला तळटीप दिल्याशिवाय कळत नाही. दिवाळी अंकातलं चित्र वर्षभर घरात लोळतं. दुपारी पडल्या पडल्या कोणीतरी पुन्हा उघडतं, पाहुण्याचं पोर त्यावर मिशा काढतं. त्यामुळे त्यात बातमी चालत नाही, माणसाची ढब लागते. हल्ली दिवाळीच्या दिवशी पहाटे माझंच जुनं चित्र सही कापून मोबाइलवर मला शुभेच्छा म्हणून येतं. पाठवणाऱ्याला मी “छान आहे” असं कळवते. छान असतंच ते.

यंदाही संपादकांचा फोन आला. ते तरुण आहेत, मला मॅडम म्हणतात आणि मानधन वेळेवर देतात, म्हणून त्यांना नाही म्हणता येत नाही. विषय दिला आहे ‘मोबाइल’. गेली कित्येक वर्षं हाच विषय असतो. मी मात्र कंदील टांगणाऱ्या कुटुंबाचं चित्र घेतलं आहे. एक जण स्टुलावर, मान वर, दोन्ही हात वर, दातांत सुतळी. खाली चौघं सूचना देणारे: डावीकडे घे, अजून, अरे तुझं डावं नाही, आमचं. आणि एक जण स्टूल धरणारा. प्रत्येक घरात एकानं स्टूल धरलेलं असतं आणि प्रत्येक घरात ते हलतंच. का, ते बरेच दिवस कागदावर उमटत नव्हतं. परवा उमटलं. स्टूल धरणाऱ्याच्या दुसऱ्या हातात मोबाइल दिला. संपादकांची अट पुरी झाली आणि वरच्या माणसाचा चेहरा मला काढावाही लागला नाही, नुसत्या पायांच्या बोटांवर काम भागलं.