ना सोयर, ना सुतक

मृत्यूनंतर पाळावयाच्या अशौचाचे, म्हणजे सुतकाचे, नियम धर्मशास्त्राने गोत्र आणि पिढ्या मोजून ठरवले आहेत. दहा दिवस कोणी पाळायचे, तीन दिवस कोणी आणि नुसत्या स्नानावर कोणाचे भागते, याची चोख व्यवस्था त्यांत आढळते. मित्राच्या वाट्याला या हिशेबात फारसे काही येत नाही. तर्पणातील एक ओंजळ नातलग नसलेल्यांसाठीही सोडली जाते खरी, परंतु पन्नास वर्षांची मैत्री त्या ओंजळीत मावावी, ही अपेक्षा जरा जास्तच म्हणायची. मयताच्या घरी मित्र दाराबाहेर चपलांच्या ढिगापाशी उभा असतो, शववाहिनीला फोन करतो, दाखल्यासाठी धावपळ करतो, आणि दहाव्याला कावळा शिवेपर्यंत घाटावर ताटकळतो. त्यापुढे त्याने काय करावे, याविषयी शास्त्र गप्प आहे.

कवी अरुण कोलटकर २५ सप्टेंबर २००४ रोजी पुण्यात जठराच्या कर्करोगाने गेले, त्या सुमारास त्यांच्या मित्रांनी जे केले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. हा रोग आरंभी अपचन, मंदावलेली भूक अशा किरकोळ तक्रारींआड दडून राहतो आणि ध्यानात येईतो बहुधा उशीर झालेला असतो. तरीही हृदयविकाराचा झटका जी देत नाही ती मुदत तो देतो. पुष्कळ घरांत ही मुदत ‘डॉक्टर काय म्हणतात?’ या प्रश्नात आणि भेटीला येणाऱ्यांच्या शहाळ्यांत सरते. कोलटकरांच्या मित्रमंडळात ती पुस्तकांच्या कामी आली. ‘जेजुरी’ १९७६ साली निघाल्यानंतर अठ्ठावीस वर्षे ज्याने इंग्रजी कवितांचे नवे पुस्तक छापू दिले नव्हते, त्या कवीची ‘काळा घोडा पोएम्स’ आणि ‘सर्प सत्र’ ही दोन पुस्तके अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने २००४ मध्ये, त्याच्या हयातीत काढली. आणि इतस्ततः विखुरलेल्या कवितांच्या संपादनाचे काम कोलटकरांनी कवीमित्र अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांच्याकडे सोपवले.

या मैत्रीचा पत्ता मुंबईतील काळा घोडा हा भाग होता. कोलटकरांच्या घरी टेलिफोन नव्हता. ज्याला भेटायचे असेल त्याने गुरुवारी दुपारी वेसाइड इन या जुन्या उपाहारगृहात यावे, असा शिरस्ता होता. खिडकीतून समोरचे वाहतूक बेट, म्हणजे रस्ते जिथे फुटतात तिथला मधला त्रिकोणी चौथरा, दिसत असे, आणि वर्षानुवर्षे चहा पीत पाहिलेला तेवढाच तुकडा कोलटकरांच्या कवितेत एक सबंध शहर होऊन उतरला. तिथे पहाटे पसरलेले गावठी कुत्रे आपली वंशावळ सांगते, कावळे काड्या वेचतात, उंदराचे औषध विकणारा जेवायला बसतो. इडलीवाली भल्यामोठ्या डब्याचे झाकण उचलते तेव्हा वाफेसरशी भोवतीचे भिकारी, हमाल, रात्रपाळी संपलेले लोक गोळा होतात, आणि डबा रिकामा होताच बेट पुन्हा ओस पडते. जाहिरातीच्या धंद्यात नजर तयार झालेल्या माणसाने ज्यात विकण्याजोगे काहीच नाही अशा या त्रिकोणावर इतका वेळ घालवावा, याची गंमत त्या कवितांत सर्वत्र जाणवते. वेसाइड इन बंद पडले तेव्हा बैठक मिलिटरी कॅफेत हलली. टेबल बदलले, गुरुवार बदलला नाही. मैत्रीला ठरलेला वार असावा, हे भावनेच्या थोर घोषणांपेक्षा अधिक टिकाऊ दिसते.

‘भिजकी वही’ हा कोलटकरांचा मराठी कवितासंग्रह २००३ साली आला आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो २००५ मध्ये, कवीच्या पश्चात. या संग्रहात देशोदेशींच्या शोकमग्न स्त्रियांची मांदियाळी आहे: ऑसिरिसच्या देहाचे तुकडे नदीकाठाने शोधत फिरलेली इजिप्तची इसिस, आणि छळछावणीच्या वाटेवर मेलेल्या पतीच्या कविता तोंडपाठ करून जिवंत ठेवणारी रशियाची नादेझ्दा मँडेलश्टाम या त्यांपैकी दोघी. मेहरोत्रांनी संपादिलेला ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’ हा संग्रह प्रासनेच २००९ मध्ये काढला. कवीच्या मृत्यूपासूनची मधली पाच वर्षे संपादनात गेली असतील, मुद्रितशोधनात, म्हणजे छापण्याआधीचे खर्डे अक्षर न् अक्षर तपासण्यात, गेली असतील. शोकसभेतील ‘कधीही भरून न येणाऱ्या पोकळी’पेक्षा एखादा चुकलेला अनुस्वार दुरुस्त करणे ही मृत मित्राची अधिक चांगली सेवा होय.

१९५४ च्या सुमारास ‘शब्द’ हे लघुअनियतकालिक, म्हणजे जमेल तेव्हा आणि पदरमोड करून काढायचे छोटे प्रकाशन, ज्यांनी कोलटकरांसह चालवले ते दिलीप चित्रे डिसेंबर २००९ मध्ये पुण्यातच, कर्करोगानेच गेले. मित्राची आठवण सांगणारेही असे एकेक करून कमी होतात आणि उरलेल्यांवरचे काम वाढते.

काळा घोडा या नावामागचा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये चौकातून हलवला गेला, तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. घोड्यावाचून नाव मात्र बिनतक्रार चालू राहिले. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवण्यात आला, त्याच्या पाठीवर राजा नाही. कोलटकरांना तो आवडला असता की नाही कोण जाणे. त्यावर बसणाऱ्या कावळ्यांची मात्र त्यांनी नीट चौकशी केली असती.