हँडल आपल्या हाती

आम्हाला मोटारसायकलचे वेड तरुणपणापासूनचे. संसारात तीन गाड्या झाल्या. पहिली राजदूत, तीही जुनी घेतलेली. टू-स्ट्रोक इंजिन, त्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळावे लागे. ऑइल जास्त झाले की प्लग काळा पडे. मग गाडी रस्त्याच्या कडेला लावून प्लग घासत बसायचे! दुसरी सीडी हंड्रेड. हे मॉडेल १९८५ साली आले. फोर-स्ट्रोक असल्यामुळे ऑइल मिसळण्याची कटकट गेली, पेट्रोलही कमी लागू लागले. गाडीचा खर्च कामगाराच्या पगारात बसू लागला. तिसरी स्प्लेंडर. ती अजून आमच्या मनीषनगरच्या घरासमोर उभी असते.

साध्या गाडीचे एवढे कौतुक कशाला, असे कोणी विचारले की आम्ही बाबासाहेबांच्या आठवणी सांगतो. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन पोरांनीच बैलगाडी हाकली, गाडीवान पायी चालला.

पुढे १९२९ साली चाळीसगावला तेच घडले. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर होते, तरी टांगेवाला त्यांचा टांगा हाकायला तयार नव्हता. आपल्याच एका बांधवाने लगाम हाती घेतला. पण त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या पुलापाशी चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

त्या बांधवाचे प्रेम मोठे होते, यात शंका नाही. पण नुसत्या प्रेमाने गाडी चालत नाही, ती शिकावी लागते. हा धडा आम्ही घरात उतरवला. मुलगी अठरा वर्षांची होताच तिचे शिकाऊ लायसन्स काढले. पहाटे मोकळ्या मैदानात क्लच, गिअर, ब्रेक शिकवले. नातेवाईक म्हणाले, "पोरीला मोटारसायकल कशाला?" सौभाग्यवतींनीच उत्तर दिले, "मागे बसून बसून आमचा जन्म गेला. तिने तरी पुढे बसावे."

त्याचे मोल एका रात्री कळले. आम्ही तापाने अंथरुणावर आणि सौभाग्यवतींना धाप लागलेली. दोन ऑटोवाले नाही म्हणून निघून गेले. लेकीने आईला मागे बसवले, ओढणीने स्वतःशी घट्ट बांधले, दोघींनी हेल्मेट घातले आणि मेडिकल गाठले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलेत.

बंधू-भगिनींनो, हप्त्यावर गाडी घेणे आता अवघड राहिलेले नाही. पण घरात गाडी एक आणि चालवणारा पुरुषही एकच, असे ठेवू नका. मुलीला शिकवा, सुनेला शिकवा. लायसन्स काढा. हेल्मेट चालवणाऱ्यालाही हवे आणि मागे बसणाऱ्यालाही. कोणी नेईल का, म्हणून ताटकळत राहण्याचे दिवस आपल्या लेकींच्या वाट्याला येऊ नयेत.

जय भीम!